नैरोबीहून मुंबई किती लांब

लातूरला रेल्वेने पाणी आलं, त्या उन्हाळ्यात मी युगांडात साखर शिजवत होतो. आमच्या बीड जिल्ह्यातल्या सहकारी कारखान्याचं बॉयलर दोन हंगाम पेटलंच नव्हतं. शेतात ऊस नाही, तर कारखाना गाळणार काय? मी तिथे पॅनमन होतो. रसाचा घट्ट पाक मोठ्या पॅनमध्ये शिजवायचा, मधूनमधून काचेच्या पट्टीवर थेंब घेऊन उजेडाला धरायचा आणि साखरेचा दाणा नेमका कधी धरतोय ते ओळखायचं, हे पॅनमनचं काम. अशी माणसं आफ्रिकेतल्या कारखान्यांना लागतात. आमच्या खात्यातले दोघं माझ्या आधी गेले होते, तिसरा मी.

मागे घरी माय, माझी बायको, दोन मुली आणि धाकटा भाऊ. वडील जाऊन पाच वर्षं झाली होती.

धाकटा माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. आमचे मायबाप ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की ट्रकात बसून सांगली-कोल्हापूरकडे, ते पार उन्हाळा तोंडावर आल्यावर परत. आम्ही दोघं धारूरच्या डोंगरातल्या आमच्या वाडीत, चुलत्याच्या ओसरीला राहायचो. चुलती कालवण द्यायची, भाकरी मी थापायचो. ते परत यायचे दिवस जवळ आले की धाकटा रोज संध्याकाळी विचारायचा, "आता कुठवर आली असतील?" मी ठोकून द्यायचो, "बार्शी सोडली असंल." मला काहीही माहीत नसायचं. पण बार्शीचं नाव ऐकलं की त्याला झोप लागायची.

तो मोठा झाला आणि ड्रायव्हर झाला. तालुक्याच्या दूध संघाचा टँकर घेऊन औरंगाबाद-नाशिकवरून मुंबईला जायचा. कुठल्या घाटात किती वाजता किती वेळ जातो, हे त्याला पाठ होतं. एखाद्या गावाला किती लांब आहे असं विचारलं, तर तो किलोमीटर सांगायचा नाही, तास सांगायचा. दुष्काळात जनावरं चारा छावणीत गेली, दूध आटलं, संघाचे टँकर उभे राहिले. मग तो पाण्याच्या टँकरवर लागला. धारूरच्या घाटातून वाड्या-तांड्यांवर रोज दोन खेपा.

त्यातल्या एका वाडीवर ते घडलं. टँकर पोचला की बाया-माणसं घागरी, पिंपं घेऊन गाडीभोवती गर्दी करायची. उतारावर गाडी उभी केली, चाकाला दगड लावायला म्हणून हा खाली उतरला. मागच्या चाकाशी वाकला आणि गाडी सरकली. भरलेला टँकर. डावा पाय गुडघ्याखाली सापडला. लोकांनी गाडी लोटायचा प्रयत्न केला, ती हलेना. शेवटी कॉक उघडून सगळं पाणी सोडून दिलं, तेव्हा कुठे टँकर हलका झाला आणि पाय निघाला. ज्या पाण्याची त्या वाडीने तीन दिवस वाट पाहिली होती, ते सगळं उताराने वाहून गेलं. नंतर मी त्या वाडीवर गेलो होतो. एक म्हातारी म्हणाली, "एका बी माणसानं घागर लावली न्हाई बाबा त्या पान्याला."

मला त्याच संध्याकाळी बायकोचा फोन आला. "भावजींचा पाय मोडलाय. औरंगाबादला आणलंय. घाबरू नका."

"मी येऊ का?" मी विचारलं.

"तुमी बघा," ती म्हणाली.

मी म्हणालो, "दोन दिवस बघू." नोकरीला सात महिने झाले होते. वर्षाच्या आत सुट्टी घेतली तर जागा राहील की नाही, याची भीती होती. आणि मोडलेला पाय काय, प्लॅस्टर घातलं की जुळतो, असंही मी स्वतःला समजावलं. माझ्या मनात हा हिशेब झाला होता, हे मी धाकट्याला आजवर सांगितलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता माझी पाळी सुरू होऊन तासच झाला होता. पॅनमध्ये दाणा नुकताच धरला होता. अशा वेळी पॅन सोडून जाता येत नाही, पाक बिघडतो. तेवढ्यात फोन वाजला. आपल्याकडे तेव्हा साडेनऊ वाजले होते.

बायको रडत नव्हती. तिच्या आवाजात काहीच नव्हतं. ती म्हणाली, "पायात रक्त जाईना झालंय. खालून काळा पडत चाललाय. ताप उतरंना. डॉक्टर म्हणतायत, आज कापावा लागंल. आज सही केली तर गुडघा वाचंल. उशीर केला तर गुडघ्याच्या वर जावं लागंल, अन् त्याच्याहून उशीर केला तर…" तिने वाक्य सोडून दिलं. "भावजी ऐकंनात. म्हणतात, दादा आल्याबिगर पायाला हात लावायचा न्हाई."

"त्याला सांग, मी येतो. आत्ता निघतो," मी म्हणालो. "मी येईस्तोवर थांबा."

माझ्या तोंडून ते निघून गेलं. डॉक्टर कधीपर्यंत थांबू शकतात, हे मी विचारलंच नाही. ती म्हणाली, "डॉक्टरांनी संध्याकाळचे सात म्हणून सांगितलंय." तोवर मी पायऱ्या उतरत होतो.

पॅन मी माझ्या हाताखालच्या युगांडी माणसाकडे दिला. तो फक्त म्हणाला, "जा." पासपोर्ट कंपनीच्या ऑफिसात कपाटात असायचे, आणि ऑफिस आठला उघडायचं. मी त्या दाराशी पाऊण तास उभा राहिलो. आमचे मॅनेजर कोल्हापूरकडचे. ते आले, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि कपाटाची किल्ली काढता काढता म्हणाले, "कोण?"

"धाकटा भाऊ."

तिकीट त्यांनीच काढून दिलं. एंटेबीहून एकच्या विमानाने नैरोबी, नैरोबीहून चारच्या विमानाने मुंबई. गाडीही कंपनीची दिली.

कारखान्यापासून एंटेबीच्या विमानतळाला तीन तास. मधे कंपाला शहर, आणि कंपालाची ट्रॅफिक म्हणजे मोटारसायकलींचा लोंढा. गाडीत बसून मी वहीच्या पाठीमागे आकडे लिहीत होतो. एंटेबी ते नैरोबी एक तास. नैरोबी ते मुंबई पावणेसहा तास. घड्याळ अडीच तास पुढे. म्हणजे मुंबईत उतरणार मध्यरात्रीनंतर. मुंबईहून औरंगाबाद आठ तास. म्हणजे उद्या सकाळी आठ. दर वेळी बेरीज वेगळी येईल अशी काहीतरी वेडी आशा होती. दर वेळी तेच येत होतं. डॉक्टरांचे सात आज संध्याकाळचे होते, माझे आठ उद्या सकाळचे. तेरा तास कमी पडत होते. तरी मी फोन करून 'थांबू नका' म्हणालो नाही. नैरोबीला पोचल्यावर सांगू, असं म्हणत राहिलो. आपण नसताना त्याचा पाय जाईल, हे मला सहन होत नव्हतं. मी तिथे उभा राहिलो तर पाय वाचेल असं थोडंच होतं? पण डोक्याने ते घेतलं नाही.

नैरोबीला सव्वादोनला उतरलो. मुंबईच्या विमानाची पाटी शोधली. चारच्या जागी आठ लिहिलं होतं. मी काउंटरवर गेलो, माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं की भाऊ दवाखान्यात आहे, दुसरं कुठलंही विमान द्या. त्या बाईने खरंच खूप वेळ संगणकात शोधलं. आज याच्या आधी काही नाही, म्हणाली. दुबईवरून गेलात तर आणखी उशीर होईल.

तीन वाजता मी बायकोला फोन लावला. तिकडे साडेपाच.

"कुठं हाव?" तिने विचारलं.

"नैरोबीत. विमान लेट आहे. चार तास."

ती हळू आवाजात, बहुतेक वॉर्डाच्या बाहेर येऊन बोलू लागली. "डॉक्टर दोनदा येऊन गेले. आता म्हणाले, सात म्हंजी सातच. मंग वरून कापावा लागंल, अन् तवा जिवाची बी खात्री न्हाई. मायला घेरी आलती मघाशी. भावजी कुणाचं ऐकत न्हाईत. तुमचंच नाव घेतात. तुमीच बोला."

तिने फोन त्याच्याकडे दिला. तो घेईपर्यंतच्या तेवढ्या वेळात मी ठरवलं की खोटं बोलायचं.

"दादा, कुठं हायस?"

"मुंबईत," मी म्हणालो. "आत्ताच उतरलो. गाडी बघतोय. तू आत जा, तू शुद्धीवर येईस्तोवर मी तिथं असतो."

"इतक्या लवकर?"

"विमान हाय ते. टँकर न्हाई."

तो हसल्यासारखा झाला. आवाज एकदम सैल पडला. "आलास व्हय? मंग बरं झालं. लई बरं झालं." मग तो मोजायला लागला. "आता साडेपाच. या वक्ताला कसाऱ्याला जाम लागतोय. नाशिक, येवला, वैजापूर… धर दोन वाजेस्तोवर. दोन वाजेस्तोवर मी काढतो, दादा. लई दुखतंय, पण काढतो. तू आल्याबिगर कुनाला हात लावू देत न्हाई. वहिनीला सांगतो, डाक्टरला सांग म्हनून."

मी त्याला धीर द्यायला गेलो आणि आठ तास देऊन बसलो. विमानाचं अंतर त्याला माहीत नव्हतं, म्हणून माझं खोटं चाललं. पण मुंबई ते औरंगाबाद हा रस्ता त्याचाच होता. त्या रस्त्यावरचा एक तासही मी चोरू शकत नव्हतो. माझ्यासमोरून एक कुटुंब सामानाची गाडी ढकलत चाललं होतं, लहान मूल त्या सामानावर बसलं होतं.

"ऐक," मी म्हणालो. "मी मुंबईत न्हाई."

"म्हंजी?"

"नैरोबीत हाय. आफ्रिकेतच. विमान लेट झालंय. उद्या दुपारच्या आत मी येत न्हाई."

"मंग आत्ता काय बोलला बे तू?"

आयुष्यात पहिल्यांदा तो मला 'बे' म्हणाला.

"खोटं बोललो."

तिकडे कुणाच्या तरी खाटेची चाकं करकरत गेली. मग त्याने विचारलं, "किती लांब हाय ते?"

"मुंबईपासून? साडेचार हजार किलोमीटर."

"रस्ता कसाय?"

"रस्ता न्हाई. समुद्र हाय मधी."

मी बोलत सुटलो. कसं बोललो ते आठवतं, कारण नंतर शेकडो वेळा ते मनात परत बोललोय. "पाय तुझा हाय. सही तुझीच लागती. मला इचारशील तर मला तू जिता पायजे. गुडघा राहिला तर पुढं काय बी करता येतंय. माझी वाट बघू नको. मी न्हाई येत तोवर. मी कितीबी पळालो तरी न्हाई येत."

फोन बंद झाला. त्याने बंद केला की लाइन गेली, कळलं नाही.

लगेच परत लावला. बंद. दहा मिनिटांनी लावला. बंद. सव्वाचारला, म्हणजे तिकडच्या पावणेसातला, मी काचेला टेकून उभा होतो. बाहेर कडक ऊन, विमानं हळूहळू फिरत होती. साडेचार वाजले. तिकडे सात. आता एक तर त्याला आत नेलं असेल, नाहीतर तो तिथेच पडला असेल भिंतीकडे तोंड करून. या दोन्हीतलं काहीतरी एक त्या क्षणी खरं होतं, आणि ते मला कळायला काही मार्ग नव्हता. सात वाजता विमानात जायला रांग लागली तेव्हा फोन एकदा वाजला, वाजत राहिला, कुणी उचलला नाही. बायकोच्या फोनची बॅटरी गेली होती आणि तिने तो वॉर्डातल्या एका खिडकीखालच्या बोर्डावर लावून ठेवला होता, हे मला नंतर कळलं.

विमानात समोरच्या सीटच्या पाठीला पडदा होता. त्यावर नकाशा. एका टोकाला नैरोबी, एका टोकाला मुंबई, मधे एक रेघ आणि रेघेवर आमचं विमान. खाली दोन आकडे: किती किलोमीटर राहिले आणि किती वेळ राहिला. जेवण आलं, मी झाकण उघडलं नाही. बाकी लोक सिनेमे बघत होते. मी ते दोन आकडे बघत होतो. किलोमीटरचा आकडा भराभर पडायचा, वेळेचा मात्र मिनिटाला एकाने. तासाभराने सोमालियाचा किनारा संपला आणि विमान नुसत्या निळ्यावर आलं. त्या निळ्यावर एकही नाव नव्हतं. चार तास राहिले. नजर दुसरीकडे वळवून मनाशी शंभर मोजायचे आणि परत बघायचं. तीन तास अठ्ठावन्न.

शेजारी एक म्हातारी गुजराती बाई होती, जामनगरला चालली होती. तिने हिंदीत विचारलं, "घरी कुणी आजारी आहे का?"

"भाऊ," मी म्हणालो.

तिने मान हलवली. थोड्या वेळाने मला दिसलं, तिने आपल्या पडद्यावरचं भजन बंद करून तोच नकाशा लावला होता. मग आम्ही दोघं तेच बघत बसलो. मधेच ती डुलकी घ्यायची, जागी झाली की आधी आकडा बघायची आणि मला सांगायची, "अब दो घंटा."

मुंबईत चाकं टेकली तेव्हा पहाटेचे सव्वाचार वाजून गेले होते. माझं युगांडाचं सिम इथे मुकं झालं. पासपोर्टवर शिक्का मारून बाहेर येईपर्यंत उजाडायला आलं. टॅक्सीवाल्याला आधी फोन मागितला, मग भाडं विचारलं. त्याने फोन दिला. बायकोचा नंबर मला पाठ होता. यावेळी उचलला, पण मायने. तिला फोनवर बोलायची सवय नाही, ती ओरडून बोलते.

"माय, मी मुंबईत हाय. कसाय तो?"

"झोपलाय."

"सही केली का त्यानं? पाय?"

"तू ये," ती म्हणाली. "आधी तू ये." आणि फोन ठेवून दिला.

झोपलाय म्हणजे जिवंत आहे, एवढं मी त्यातून काढलं. बाकीचं कसाऱ्यापासून वैजापूरपर्यंत मला काढता आलं नाही. टॅक्सीवाल्याचा फोन परत मागायला जीभ उचलली नाही. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. कसाऱ्याला खरंच जाम होता. ट्रकांच्या मधे पाऊण तास अडकलो. नाशिक सोडल्यावर दोन्ही बाजूंना उघडी रानं, कडेच्या हापशांना ओळीने लावलेल्या घागरी. एके ठिकाणी पाण्याचा टँकर उतारावर उभा होता, चाकाला दगड होता. मी मान वळवली.

दुपारी पावणेदोनला दवाखान्याच्या पायऱ्या चढलो. बायको जिन्यातच भेटली. तिने काही सांगण्याआधी मी तिच्या बाजूने पुढे गेलो. वॉर्डात सातवी खाट. तो झोपला होता. गालाची हाडं वर आली होती, दाढी वाढलेली. माय पायथ्याशी स्टुलावर बसून होती. पांढरी चादर छातीपासून अंगावर ओढलेली. उजव्या पायाचा उंचवटा शेवटपर्यंत होता. डावा मधेच संपत होता.

कुठे संपतो ते मला नजरेने कळेना. मी हात पुढे केला आणि चादरीवरून मांडीपासून हळूहळू खाली नेला. पट्ट्यांचा जाडपणा लागला. त्याच्या आधी, पट्ट्यांच्या वर, गुडघ्याची वाटी लागली. गोल, टणक, जागच्या जागी. मी हात तिथेच ठेवला. माय म्हणाली, "राह्यला रे, गुडघा राह्यला." मग मात्र मी खाली फरशीवर बसलो.

नंतर बायकोने सगळं सांगितलं. फोन त्यानेच बंद केला होता, आणि भिंतीकडे तोंड केलं होतं. कुणाशी बोलेना. तासाभराने त्याने हाक मारली. "वहिनी, आपल्या वाडीवरच्या दोन खेपांचे चाळीस किलोमीटर होतात. साडेचार हजार म्हंजी किती दिवस?" तिने सांगितलं, मला नाही येत हिशेब. त्याने स्वतःच बोटांवर मोजलं. पावणेचार महिने आले. "एवढं न्हाई थांबता येनार," तो म्हणाला आणि त्याने पेन मागितलं. सात वाजायला दहा मिनिटं कमी होती. डॉक्टर नंतर मला म्हणाले, रात्रभर थांबलो असतो तर गुडघा तर गेलाच असता, पुढचं मी सांगू शकलो नसतो.

त्या दुपारी त्याने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "कसाऱ्याला जाम होता का?"

"होता," मी म्हणालो. "पाऊण तास."

त्याने मान हलवली आणि परत डोळे मिटले. त्यानंतर आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही. पाणी पाहिजे असेल तर मायला सांगायचा. ड्रेसिंगच्या वेळी मी खांद्याला धरायचो, तेव्हा दात आवळून माझाच दंड पकडायचा. पण बोलायचा नाही. मी समजलो होतो की पाय गेल्याचा राग आहे. दुसऱ्या कुणावर काढणार?

दवाखान्यातून सोडल्यावर जीप करून घरी निघालो. मांजरसुंब्याला ढाब्यावर चहाला थांबलो. बायको आणि माय आत बसल्या. त्याला उतरायचं नव्हतं, म्हणून मी दोन कप घेऊन जीपशी आलो. त्याने कप घेतला. समोरून ट्रक जात होते, तो त्यांच्याकडे बघत होता. आणि तसंच बघत म्हणाला, "मुंबईत हाय म्हनून कावून सांगितलंस?"

"तू आत जावास म्हणून."

"अन् मी दोन वाजेस्तोवर थांबलो असतो तर?"

मी माझा कप जीपच्या बॉनेटवर ठेवला.

"मला खरंच वाटलं तू आलास," तो म्हणाला. "पाय कापू दे न्हाईतर काय बी होऊ दे, तू आलास म्हनून अर्धं दुखनं गेलतं माझं. अन् लगीच म्हनतो, मी न्हाई आलो. तसं नको करू दादा. लांब असला तर लांब हाय म्हनून सांगावं. मानूस त्याच्या हिशेबानं करतंय काय करायचं ते."

"चुकलं माझं," मी म्हणालो.

त्याने चहा संपवला, कप माझ्या हातात दिला. "बिस्किट आन," म्हणाला. "दवाखान्याच्या जेवनानं तोंडाची चव गेलीय." मी ढाब्याकडे गेलो आणि काउंटरवर पैसे दिले आणि बिस्किटं न उचलताच वळलो. मालकाने विचारलं, "पावनं, बरं हाय ना?"

दीड महिना मी घरी राहिलो. मृगाच्या शेवटाला थोडा पाऊस झाला, पण कारखाना त्या वर्षीही पेटणार नव्हता. माझी युगांडातली जागा त्या कोल्हापूरच्या मॅनेजरांनी कुणाला दिली नव्हती. जायचं की नाही ते दोन दिवस ठरेना. मग धाकट्यानेच कुबड्यांवर अंगणात येऊन सांगितलं, "जा तू. इथं बसून माझ्या पायाकडं बघत ऱ्हायलास तर मलाच लाज वाटतीया."

कृत्रिम पाय बसवायला पुढे हिवाळा गेला. पहिल्या दिवशी तो दोनदा पडला, तिसऱ्यांदा उठायला नकार दिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाला न सांगता एकटाच उठून उभा राहिला. हे मला मायने फोनवर ओरडून सांगितलं. दूध संघाने त्याला संकलन केंद्रावर बसवलं, कॅन मोजून घ्यायला. वर्षभर त्याने ते केलं. पण त्याला तिथे करमत नव्हतं. संघाच्या छोट्या पिकअपचा क्लच तो नव्या पायाने दाबायला शिकला. कोरड्या तळ्याच्या मैदानात त्याच्या एका मित्राने त्याला महिनाभर शिकवलं. सुरुवातीला पाय क्लचवरून घसरायचा. शेवटी बुटाच्या तळव्याला त्याने सायकलच्या टायरचा तुकडा चिकटवला, तेव्हा जमलं.

आता तो सकाळी पाच वाड्यांचं दूध गोळा करून धारूरला पोचवतो. मोठे टँकर त्याला कुणी देत नाही, आणि तोही मागत नाही. लग्न झालंय, मुलगी आहे. मी आणखी तीन वर्षं युगांडात काढून परत आलो, तोवर आमचा कारखाना सुरू झाला होता आणि एकदा परत बंदही पडून झाला होता.

त्या तीन वर्षांत आमचं रोज बोलणं व्हायचं. फोन त्याचाच यायचा, पिकअप चालवायला लागल्यावर दूध टाकून परत येताना. मागे पिकअपमध्ये रिकाम्या कॅनांचा खडखडाट, आणि तो ओरडत विचारायचा, "दाना धरला का न्हाई आज?"